‘नगेट्स’: आवाज फाटलेलाच ठेवल्याबद्दल

रॉकच्या संकलनांचे माझ्या हिशोबी दोनच प्रकार. एकात कंपनीचा मुनीम बसून बघतो की कोणती गाणी सगळ्यांत जास्त खपली. दुसऱ्यात एखादा पछाडलेला माणूस ठरवतो की ही गाणी लोकांच्या कानावर पडलीच पाहिजेत, खपली असोत वा नसोत. पहिल्या प्रकाराने माझं कपाट भरलेलं आहे आणि त्यातली काही मी मनापासून लावतो, तेव्हा नाक मुरडायचा प्रश्न नाही. पण आज लिहायचंय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. गॅरेज रॉकच्या, म्हणजे घरच्या मोटारीच्या जागेत वाजवणाऱ्या पोरांच्या खडबडीत रॉकच्या, संकलनांमधलं सगळ्यांत थोरलं, ‘नगेट्स’.

आधी कोरडी माहिती उरकतो. १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीने हा दोन एलपींचा संच काढला. कल्पना कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांची, निवड लेनी के या तरुण लेखकाची. हाच पुढे गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवायला लागला. एकूण २७ गाणी, कालखंड १९६५ ते १९६८ असा मुखपृष्ठावरच छापलेला. माझ्याकडे आहे ती राइनो कंपनीची १९९८ ची चार सीडींची पेटी. तिच्यात गाणी ११८. पहिल्या सीडीवर मूळची २७ त्याच क्रमाने, उरलेल्या तीन सीडींवर नंतर जमवलेली ९१, आणि सोबत एक जाडजूड पुस्तिका. भाच्याने ऑनलाइन मागवून दिली. विकणाऱ्याने ती एका पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवली होती, त्यामुळे दोन सीडींच्या डब्यांचे दात तुटून आले. सीड्या शाबूत होत्या म्हणून भांडलो नाही. वापरलेला संच मागवणार असाल तर विक्रेत्याला पॅकिंगबद्दल आधी दोन ओळी जरूर लिहा.

माझा धंदा दुरुस्तीचा. इंदूरला रामबागेत घराच्या खालच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक, रेकॉर्ड प्लेयर उघडून बसलेला असतो. गणपतीच्या आधी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, लग्नसराईत ऑर्केस्ट्रावाल्यांचे, आणि आता नव्याने शौक लागलेल्या पोरांचे आजोबांच्या माळ्यावरून काढलेले टर्नटेबल. शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की ऐकणारी मंडळी जमतात. इंजिनिअरिंगला असलेला आणि कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवणारा भाचा, बँकेतून निवृत्त झालेला मेव्हणा, आणि पलीकडच्या गल्लीत तबला शिकवणारे गुरुजी. गुरुजी खरं तर पोहे-जिलबीच्या आशेने येतात असं आमच्या घरात बोललं जातं. बायको वरून येता-जाता शेरे मारते, आणि तिचे शेरे बहुधा सगळ्यांत नेमके असतात.

पहिलं गाणं इलेक्ट्रिक प्रून्सचं, ‘आय हॅड टू मच टू ड्रीम’. सुरुवातीलाच एक गुणगुणाट येतो, माशी कानापाशी येऊन मोठी मोठी होत जावी तसा. बायको जिन्यातूनच म्हणाली, “अहो, अर्थिंग गेलंय बघा.” अर्थिंग ठीक होतं. तो गिटारचाच आवाज आहे, टेप उलटी फिरवून वाजवलेला. पण तिचं बोलणं या संपूर्ण संचाला लागू पडतं. माझ्याकडे गिऱ्हाईक जी तक्रार घेऊन येतं, ‘आवाज फाटतोय’, तीच इथे मुद्दाम राखलेली आहे.

यामागचा इतिहास मला माझ्या धंद्यामुळे फार प्रिय आहे. १९५८ मध्ये लिंक रे या गिटारवाल्याला ‘रंबल’ या धुनेसाठी हवा तसा आवाज मिळेना, तेव्हा त्याने पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली. १९६०-६१ च्या सुमारास नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि बास गिटारचा आवाज चिंध्या झाल्यासारखा येऊ लागला. माझ्यासारख्याने लगेच पेचकस काढला असता. तिथल्या ग्लेन स्नॉडी नावाच्या इंजिनिअरने ते मुद्रण तसंच जाऊ दिलं आणि मग तोच बिघाड हुकमी काढून देणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ते घरोघरी पोचवलं. मधल्या काळात, १९६४ साली, लंडनमध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरून ठेवला होता. अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी हे ऐकलं, वडिलांच्या मोटारीच्या जागेत ड्रम मांडले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जे झालं त्यातलं वेचक म्हणजे हा संच.

गुरुजींचं मत पहिल्या शनिवारी फारसं बरं नव्हतं. सीड्स या बँडचं ‘पुशिन टू हार्ड’ संपल्यावर ते म्हणाले, “दोनच कॉर्ड? पूर्ण गाणंभर?” दोनच. भाच्याने लगेच, “गुरुजी, लेहराही तासभर तोच असतो की,” असं सुनावलं. लेहरा म्हणजे तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून. गुरुजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “लेहऱ्यावर कुणीतरी वाजवत असतं, बाळा. इथे कोण वाजवतंय?” दोघांच्याही बाजूने बोलता येईल. मी गुरुजींच्या बाजूने आहे, तरी ते गाणं मला आवडतं. त्यात गायक स्काय सॅक्सन ज्या वैतागाने ओरडतो, त्याला तिसरा कॉर्ड दिला असता तर वैताग हलका झाला असता.

गुरुजी वळले ते काउंट फाइव्हच्या ‘सायकॉटिक रिअ‍ॅक्शन’ला. सॅन होजेची पोरं, १९६६ सालचं गाणं. मध्येच ठेका सोडून गाणं दुप्पट वेगाने सुटतं आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा चेहऱ्याने मूळ लयीवर येऊन बसतं. गुरुजींचा हात मांडीवर चालू झाला. “दुगुन,” म्हणाले, “कच्ची आहे, पण समेवर येतात बरोबर.” माझ्या लेखी ही या गाण्यावरची आजवरची सर्वोत्तम दाद.

थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्सच्या ‘यू आर गॉना मिस मी’मध्ये मागे एक विचित्र गुटुरगू चालू असतं. तो टॉमी हॉल मातीच्या घागरीच्या तोंडाशी माइक धरून तोंडाने काढतोय. पहिल्यांदा ऐकणारा हमखास माझ्या डेककडे संशयाने पाहतो. गायक रॉकी एरिक्सन. त्याचा गळा ऐकून भाचा म्हणाला, “मामा, याला ऑटोट्यून लावला असता तर मशीनच जळलं असतं.” हे त्याच्या तोंडून कौतुक आहे.

आता मी या संचाला एवढा का भाळलो ते सांगतो, म्हणजे तारे मोजण्यापेक्षा बरं. कॅसेटच्या दिवसांत राजवाड्याजवळ एक दुकानदार कॅसेट भरून द्यायचा. तुम्ही गाण्यांची यादी द्यायची, तो सी-साठ किंवा सी-नव्वद भरून देणार. बाजू संपताना तीन-चार मिनिटं शिल्लक राहिली की ती कोरी सोडणं त्याच्या जिवावर यायचं. मग तो स्वतःच्या पसंतीचं काहीतरी तिथे घालायचा. माझी यादी किशोरकुमारची, आणि शेवटी कुठून तरी इंग्रजी ऑर्गन आणि झांजा. चिडून जाब विचारला तर म्हणायचा, “भिया, सुन के तो देखो.” लेनी केने ‘नगेट्स’चे दोन्ही एलपी त्या शेवटच्या तीन मिनिटांच्या हक्काने भरले आहेत. ‘सुन के तो देखो’ हे सगळ्या २७ गाण्यांतून ऐकू येतं.

म्हणून मग त्यात सोंगंही आहेत, आणि त्याला ती चालतात. निकरबॉकर्सचं ‘लाइज’ ऐकून मेव्हणा ठामपणे म्हणाला, “हे बीटल्स आहेत, भाऊजी, पैज लावा.” न्यू जर्सीची मंडळी आहेत ती. माउसचं ‘अ पब्लिक एक्झिक्यूशन’ म्हणजे बॉब डिलनची इतकी हुबेहूब नक्कल की ऐकताना थोडी लाज वाटावी. स्ट्रेंजलव्ह्जची तर कमाल. न्यू यॉर्कचे गाणी बनवणारे तिघे निर्माते, त्या काळात ब्रिटिश बँडची चलती होती म्हणून स्वतःला ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ भाऊ म्हणवून घेत होते. स्टँडेल्सनी ‘डर्टी वॉटर’मध्ये बॉस्टन शहरावर असं काही जीव तोडून गायलंय की बॉस्टनची रेड सॉक्स टीम घरच्या मैदानावर जिंकली की आजही ते गाणं वाजतं, आणि बँड मात्र लॉस एंजेलिसचा. चॉकलेट वॉचबँडच्या ‘लेट्स टॉक अबाउट गर्ल्स’वर त्यांचा स्वतःचा गायक नाहीच, निर्माता एड कॉबच्या कारभारात दुसऱ्याच गायकाचा आवाज लागला. आणि ‘डर्टी वॉटर’ लिहिणारा कोण? हाच एड कॉब. इतक्या गडबडी असूनही गाणी खोटी वाटत नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

एका गाण्यावर आमच्यात कडाक्याचं वाजलं. बार्बेरियन्सचं ‘मौल्टी’. त्यांच्या ड्रमर व्हिक्टर मौल्टनचा डावा हात लहानपणी घरी बनवलेल्या स्फोटकाने गेला होता आणि तो हुक लावून ड्रम वाजवायचा. या गाण्यात तो आपली कहाणी स्वतः बोलून सांगतो, खचू नका वगैरे. मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा हसू दाबत होता, कारण बोलण्याची तऱ्हा खरंच नाटकी आहे. मी मध्ये. मागे वाजवणारे मात्र बार्बेरियन्स नाहीत, डिलनसोबत वाजवणारे हॉक्स आहेत, पुढे ‘द बँड’ म्हणून नावारूपाला आलेले, हे कळल्यावर मेव्हण्याचं पाणी आटलं. त्याला फसवल्यासारखं वाटलं. मला वाटतं कहाणी मौल्टीची आहे, मग ठेका कुणाचाही असेना. यावर एकमत झालेलं नाही.

दोष आहेत. प्रीमियर्सचं ‘फार्मर जॉन’ १९६४ चं, म्हणजे मुखपृष्ठावरच्या कालखंडात बसतच नाही. त्यातला पार्टीचा कोलाहलही मागाहून भरलेला. मोजो मेन आणि सॅजिटेरियस यांची गाणी गोड आहेत, पण त्यांचा या धुळीशी संबंध काय? सॅजिटेरियसच्या ‘माय वर्ल्ड फेल डाउन’वर मुख्य आवाज ग्लेन कॅम्पबेलचा, स्टुडिओत बसून घोटून घोटून केलेलं काम. चौथी बाजू मूळ एलपीची सगळ्यांत सैल बाजू आहे आणि मॅजिक मश्रूम्सच्या गाण्याने शेवट करणं म्हणजे पाहुणे चपला घालत असताना पुन्हा चहा ठेवणं. बायकोने नॅझचं ‘ओपन माय आइज’ मात्र पुन्हा लावायला सांगितलं. टॉड रंडग्रेनचं ते, आणि तिचा कान चुकत नाही.

पेटीतल्या पुढच्या तीन सीड्यांबद्दल थोडक्यात. म्युझिक मशीनचं ‘टॉक टॉक’ दोन मिनिटांच्या आत संपतं आणि तेवढ्यात सगळं सांगून होतं. सॉनिक्सचं ‘सायको’ लावताना आवाज कमी करा. त्यांचं मुद्रण मुळातच सुई लाल पट्टीत घुसवून केलेलं आहे, स्वस्त स्पीकर त्याला माफ करत नाहीत. किंग्जमेनचं ‘लुई लुई’ही आहे, १९६३ चं. त्यातले शब्द अश्लील असल्याच्या तक्रारींवरून एफबीआयने चौकशी केली, रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगांवर फिरवून ऐकली आणि कोणत्याही वेगावर शब्द कळत नाहीत असा निष्कर्ष काढला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टर्नटेबलांची वेगाची चाचणी मी हल्ली याच गाण्यावर घेतो. पण एकामागून एक ९१ गाणी सलग ऐकू नयेत. तिसऱ्या सीडीच्या मध्यावर सगळे फार्फिसा ऑर्गन एकच वाटायला लागतात.

आवाजाच्या दर्जाबद्दल धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. यातली पुष्कळ गाणी मोनोत, म्हणजे डावं-उजवं न करता एकाच वाटेने येणाऱ्या आवाजात, आहेत आणि मोनोतच ऐकावीत. भाचा हेडफोन लावून ‘एका जागी कोंबल्यासारखं वाटतं’ म्हणाला, तेव्हा मी त्याला बाहेर काढलं आणि एकाच जुन्या मोठ्या स्पीकरवर लावून दिलं. ड्रम आणि बास एकत्र छातीवर येतात, गिटार त्यावर चरचरत जाते. हे त्या काळी मोटारीतल्या रेडिओच्या एका स्पीकरसाठीच बनवलेलं होतं. राइनोने सफाई करताना हात आवरता ठेवला आहे. खरखर पुसायच्या नादात वरचे सूर कापलेले नाहीत. ज्याने जुन्या कॅसेटी ‘साफ’ करून घेतल्यावर कांबळ्याखालून आल्यासारखा आवाज ऐकलाय, त्याला याची किंमत कळेल.

मुनिमांच्या संकलनांवरही मंडळींचं बोलणं झालं, ते सांगायला हवं. मेव्हण्याची बाजू म्हणजे ईगल्सचं १९७६ चं ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’. अमेरिकेत इतका खपलेला अल्बम क्वचितच सापडेल. दहा गाणी, एकही टाकाऊ नाही, आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही. नसणारच, ते गाणं त्याच वर्षाच्या शेवटी आलं. इंदूरच्या प्रत्येक कॉलेज गॅदरिंगमध्ये ते गाणं वाजतं, त्यामुळे या अल्बमकडून सगळ्यांची तीच एक अपेक्षा असते आणि मेव्हण्याने तरुणपणी कॅसेटच्या दोन्ही बाजू त्यासाठी पालथ्या घातल्या होत्या. माझं मत विचाराल तर अल्बम गुळगुळीत आहे. ऐकताना काही टोचत नाही, आणि ऐकून झाल्यावर काही उरतही नाही.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं ‘क्रॉनिकल’ मात्र मुनिमाच्या हातून घडलेलं खरं काम. तेही १९७६ चं. २० गाणी, १९६८ च्या ‘सूझी क्यू’पासून १९७२ पर्यंत काळाच्या क्रमाने. एक बँड चार वर्षांत कसा उगवला आणि कसा विझला हे कुणीही काही न बोलता कळतं. मध्ये ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन’ची अकरा मिनिटांची पूर्ण आवृत्ती ठेवली आहे, छाटलेली नाही. गुरुजींनी ती डोळे मिटून ऐकली आणि ड्रमर डग क्लिफर्डबद्दल म्हणाले, “हा पोरगा ठेका सोडत नाही. माझ्याकडचे सोडतात.” स्टोन्सचं १९७१ चं ‘हॉट रॉक्स’ही दमदार आहे, आणि बीटल्सचे १९७३ चे लाल-निळे संच कुणी नव्याने ऐकायला लागत असेल तर अजूनही पहिला मार्ग तेच. या तिन्ही-चारींवर भांडण नाही. पण त्यातलं प्रत्येक गाणं कधी ना कधी तुमच्यापर्यंत पोचणारच होतं. ‘मौल्टी’ किंवा कॅस्टवेजचं ‘लायर, लायर’ कुणी हाताने उचलून दिल्याशिवाय इंदूरपर्यंत कशाला येतंय?

‘नगेट्स’नंतर या वाटेवर बरेच आले. १९७८ मध्ये ‘पेबल्स’ मालिका सुरू झाली, १९८३ मध्ये क्रिप्ट कंपनीची ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’. दुसरीत तर असे बँड आहेत ज्यांनी एकच रेकॉर्ड काढली आणि गावाबाहेर ती कुणी ऐकली नाही. भाच्याला ती ‘नगेट्स’पेक्षा जास्त आवडते. त्याच्या वयात मलाही आवडली असती. आता दोन-तीन गाण्यांनंतर डोकं धरतं.

राइनोने २००१ मध्ये ‘नगेट्स’चा दुसरा खंड काढला, अमेरिकेबाहेरच्या बँडचा. चार सीडी, १०९ गाणी. ब्रिटन आहे, ऑस्ट्रेलिया आहे, ब्राझीलचे ओस म्युतांतेस आहेत, उरुग्वे आणि जपानसुद्धा आहे. भारत नाही. हे मला खुपतं, कारण आपल्याकडे सामान तयार होतं. सिमला सिगारेटच्या नावाने इंपीरियल टोबॅको कंपनी अखिल भारतीय सिमला बीट स्पर्धा भरवायची, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांतल्या बँडच्या एलपी निघाल्या. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर. पुढे परदेशात त्या पुन्हा छापल्या गेल्या तेव्हा कुठे आपल्या लोकांना माहीत झालं. मी त्या भाच्याच्या लॅपटॉपवरून ऐकल्या. मुद्रण हलकं आहे, इंग्रजी उच्चारांवर प्रत्येकाच्या गावाची छाप आहे, आणि फझ लावलेली गिटार सुरू झाली की सॅन होजे आणि शिलाँगमध्ये फरक करता येत नाही. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, “यांनी तबला का नाही घेतला?” भाचा म्हणाला, “नशीब नाही घेतला.” या वेळी मी भाच्याच्या बाजूने.

तर घ्यायचं काय? खर्च कमी ठेवायचा असेल तर ‘नगेट्स’चा मूळ २७ गाण्यांचा संच पुरे. पेटी घेतलीत तर पुस्तिकेसाठी घ्या, बँडच्या हकिगती वाचत ऐकायला तीच हवी, अ‍ॅपवरच्या जोडजमवीच्या याद्यांत त्या मिळत नाहीत. एलपीवर घेणार असाल तर आधी सुई तपासून घ्या, कारण या गाण्यांत सुई झिजली आहे की गिटारच तशी आहे हे ओळखणं माझ्यासारख्यालाही सोपं जात नाही. आणि दुसऱ्या खंडाची घाई करू नका. आमच्याकडे तो आलाय, पण ‘मौल्टी’वरचं भांडण मिटेपर्यंत लावायचा नाही असं मेव्हण्याने ठरवून टाकलंय.